मातीचा बांध आणि पाण्याची वाट

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोयना, भाक्रा, जायकवाडी अशी प्रचंड धरणे उभी राहतात. परंतु जगातील बहुतेक धरणे काही एवढी मोठी नाहीत. ती लहान आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य साध्या मातीची आहेत. कोणी गुरांच्या पाण्यासाठी ओढा अडवलेला असतो, कोणी पिठाच्या गिरणीसाठी. कोठे तर केवळ होड्या फिरवाव्यात, मासे धरावेत आणि सुटीचा दिवस काठावर घालवावा एवढ्यासाठीच तळे केलेले असते. अमेरिकेत अशी तळी फार आहेत. त्या देशातील निम्म्याहून अधिक धरणे खाजगी मालकीची आहेत आणि त्यांतील कित्येकांचा उपयोग फक्त करमणुकीसाठी होतो.

विद्यार्थी मित्रांनो, आज आपण अशाच एका लहान, खाजगी, मातीच्या बांधाचा अभ्यास करू. तो बांध आज अस्तित्वात नाही. तो का राहिला नाही, हे पाहताना तुमच्या पाठ्यपुस्तकातील दाब, घर्षण, प्लावक बल आणि स्थितिज ऊर्जा हे चारही विषय आपल्याला भेटतील.

टोकोआ येथील तळे

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टोकोआ नावाचे गाव आहे. त्याच्याजवळ टोकोआ नावाचाच ओढा सुमारे ५७ मीटर उंचीच्या कड्यावरून खाली उडी घेतो. या धबधब्याच्या वरच्या अंगाला १८९९ साली लाकडी सांगाड्यात दगड भरून एक बांध घातला गेला. हेतू होता वीज निर्माण करण्याचा. पुढे धबधब्याच्या पायथ्याशी एक धार्मिक शिक्षणसंस्था आली. तिने १९३७ च्या सुमारास या जुन्या दगडी बांधावरच मातीचा भराव घातला आणि नंतर तो आणखी उंच केला. याला केली बार्न्स धरण म्हणत. बांधाची उंची सुमारे १२ मीटर, म्हणजे चार मजली घराएवढी, आणि लांबी सुमारे १२० मीटर होती. मागे साधारण १६ हेक्टरांचे तळे पसरले होते.

१९५७ साली तेथील वीजनिर्मिती बंद झाली. त्यानंतरची वीस वर्षे हे तळे केवळ करमणुकीचे ठिकाण होते. विजेसाठी वापरात असलेल्या बांधाकडे रोज कोणाचे तरी लक्ष असते. केवळ शोभेच्या तळ्याच्या बांधाकडे कोण पाहणार? त्यावर झाडे वाढली. त्याच्या उताराचा काही भाग अतिशय उभा, जवळजवळ ४५ अंशांचा होता. १९७३ साली काढलेल्या एका छायाचित्रात उतारावर सुमारे साडेतीन मीटर उंच व नऊ मीटर रुंद असा मातीचा तुकडा घसरलेला दिसतो. तळ्याचे पाणी मात्र शांत होते.

१९७७ च्या नोव्हेंबरमध्ये २ ते ५ तारखेपर्यंत तेथे सुमारे १८० मिलिमीटर पाऊस पडला. त्यातला जवळजवळ निम्मा पाऊस ५ तारखेच्या संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतच्या काही तासांतच झाला. रविवार, ६ नोव्हेंबर रोजी पहाटे दीडच्या सुमारास बांध फुटला. तळ्यातले सारे पाणी धबधब्याच्या कड्यावरून खाली आले. पायथ्याशी महाविद्यालयाची वसतिगृहे आणि कुटुंबांची घरे होती. लोक झोपेत होते. ३९ माणसे मृत्युमुखी पडली.

एवढ्या लहान बांधाने एवढा अनर्थ कसा केला? आणि तो फुटला तरी कसा? एकेक प्रश्न घेऊ.

बांधाला तळ्याचा विस्तार कळत नाही

बऱ्याच जणांची अशी समजूत असते की तळे जितके मोठे तितका बांधावरचा भार अधिक, आणि तळे लहान असेल तर भिण्याचे कारण नाही. ही समजूत चुकीची आहे. पाण्याचा दाब केवळ खोलीवर अवलंबून असतो. तळे मागे शंभर मीटर पसरलेले असो की दहा किलोमीटर, दहा मीटर खोलीवर दाब तेवढाच.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. म्हणून दहा मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांचा दाब असतो. पृष्ठभागावर तो शून्य, म्हणजे सरासरी पाच टन. आता बांधाचा फक्त एक मीटर लांबीचा तुकडा घ्या. त्यावर दहा मीटर उंच पाणी टेकले असेल, तर आडव्या दिशेने पडणारा एकूण जोर झाला

५ × १० = ५० टन.

लांबीच्या प्रत्येक मीटरला पन्नास टन! पाण्याची खोली निम्मी केली तर सरासरी दाबही निम्मा होतो आणि ज्यावर तो पडतो ते क्षेत्रही निम्मे होते, म्हणून जोर एक-चतुर्थांश, म्हणजे साडेबारा टन उरतो. उलट बांध थोडासा उंच करून पाणी वाढवले की जोर त्या मानाने फारच झपाट्याने वाढतो. जुन्या बांधावर भर घालून त्याची उंची वाढवणे ही म्हणूनच क्षुल्लक गोष्ट नव्हे.

मग पाणी बांधाला ढकलून देते का?

पन्नास टनांचा जोर ऐकून तुम्हाला वाटेल, की बांध या धक्क्यानेच कोसळत असेल. तेव्हा बांधाचे वजनही मोजू. समजा, बांध १२ मीटर उंच आहे, माथा ६ मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंचे उतार ४५ अंशांचे आहेत. मग तळाची रुंदी ३० मीटर होईल. हा समलंब चौकोन आहे. त्याचे क्षेत्रफळ

(६ + ३०) ÷ २ × १२ = २१६ चौरस मीटर.

चांगल्या दाबलेल्या ओल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे दोन टन असते. म्हणजे एक मीटर लांबीच्या तुकड्याचे वजन झाले ४३२ टन. पाण्याचा जोर पन्नास आणि बांधाचे वजन त्याच्या आठपटीहून जास्त. मातीचा जमिनीशी घर्षणांक अर्धा धरला तरी बांध सरकवायला दोनशे टनांहून अधिक जोर लागेल. बांधाखाली शिरलेल्या पाण्यामुळे हे वजन काहीसे कमी भरते, तरीही भरपूर शिल्लक उरते.

हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पाण्याच्या धक्क्याने मातीचा बांध सहसा पडत नाही. तो पडतो ते पाण्याला स्वतःतून, स्वतःखालून किंवा स्वतःवरून वाट मिळाल्यामुळे. म्हणून मातीच्या बांधाकडे पाहताना आपण पहिला प्रश्न विचारायचा तो असा: पाणी कोणत्या वाटेने जात आहे?

माती म्हणजे फार बारीक चाळणी

मातीचा प्रत्येक बांध पाझरतो. ज्यातून थेंबही पाणी जात नाही असा मातीचा बांध बांधता येत नाही आणि तशी गरजही नसते. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पाणी त्यांतून हळूहळू सरकते.

किती हळू? हा प्रश्न फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणारे अभियंते आंरी दार्सी यांनी वाळूने भरलेल्या नळ्या घेऊन सोडवला आणि १८५६ साली त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. पाझराचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे मातीची जात. वाळूतून पाणी चटकन जाते, तर चिकणमातीतून त्याच्या लाखाव्या हिश्श्यानेही जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याच्या पातळीतील फरक आणि वाटेची लांबी यांचे गुणोत्तर. याला आपण पाझराचा उतार म्हणू. दहा मीटरांचा फरक चाळीस मीटरांच्या वाटेत संपत असेल तर हा उतार पाव. तोच फरक वीस मीटरांत संपत असेल तर अर्धा.

आता ४५ अंशांच्या उभ्या उताराचा पहिला तोटा ध्यानात येईल. बाजू उभ्या ठेवल्या की माती कमी लागते, पैसे वाचतात, पण बांधाची जाडी घटते. पाण्याची वाट आखूड होते आणि पाझराचा उतार वाढतो.

कणाचे वजन कोठे गेले?

पाझर नुसता असतो तोवर काही बिघडत नाही. बिघडते ते पाझरासोबत मातीचे कण निघू लागले म्हणजे. हे केव्हा होते, ते पाहण्यासाठी आर्किमिडीजला बोलावू.

एक घनमीटर वाळू घ्या. तिच्यात साधारण ४० टक्के पोकळी आणि ६० टक्के कण असतात. कणांची घनता पाण्याच्या २.६५ पट. म्हणून कणांचे वजन झाले ०.६ × २६५० = १५९० किलोग्रॅम. ही वाळू पाण्यात बुडाली, की कणांनी बाजूला सारलेल्या ६०० किलोग्रॅम पाण्याएवढे वजन कमी भरते. उरले ९९०, म्हणजे जवळजवळ एक हजार किलोग्रॅम.

आता या वाळूतून पाणी खालून वर जाऊ लागले. जाताना ते कणांना घासते आणि वर ओढते. ही ओढ, पाझराचा उतार एक असेल तर, प्रत्येक घनमीटर वाळूमागे बरोबर एक हजार किलोग्रॅम असते. खाली खेचणारे वजन हजार, वर ओढणारे पाणीही हजार! बाकी शून्य. कण एकमेकांवर टेकेनासे होतात, त्यांच्यातील घर्षण नाहीसे होते आणि वाळू उकळत्या खिरीसारखी रटरटू लागते. माणूस ज्या वाळूत रुतत जातो, ती हीच.

बांधाच्या पायथ्याशी, जेथे पाणी बाहेर पडते, तेथे असे घडले की पहिले काही कण निसटतात. तेथे खळगा पडतो. खळगा पडला म्हणजे पाण्याची वाट तेवढी आखूड झाली, उतार वाढला आणि आणखी कण निसटले. खळगा आत आत सरकत जातो. अशा रीतीने बाहेरून आत, पाण्याच्या दिशेच्या उलट, एक नळीसारखे बीळ पोखरले जाते. अभियंते याला पायपिंग म्हणतात. हे बीळ तळ्यापर्यंत पोहोचले की मग पाझर राहत नाही, नळ सुरू होतो. आणि या नळाला तोटी नसते.

बांधाच्या पोटात आधीच एखादी वाट असेल तर पाण्याचे काम सोपे होते. घुशींची किंवा खेकड्यांची बिळे, मेलेल्या झाडाचे कुजलेले मूळ, मातीतून घातलेल्या जुन्या नळाभोवतीची नीट न दाबलेली माती या सर्व तयार वाटाच होत. जुन्या बांधावर नवा भराव घातला तर त्या दोहोंच्या सांध्याचीही अशीच काळजी घ्यावी लागते.

या सर्व विवेचनातून एक साधी, पण लाखमोलाची खूण हाती लागते. बांधाच्या पायथ्याशी येणारे पाणी स्वच्छ असेल तर तो पाझर आहे. ते गढूळ असेल तर बांध पाण्यासोबत बाहेर चालला आहे.

ओली माती आणि चिंब माती

वाळूचा किल्ला तुम्ही केला असेलच. कोरड्या वाळूचा ढीग सुमारे तीस-पस्तीस अंशांपेक्षा उभा राहत नाही. वाळू जराशी ओली केली की तिची उभी भिंतसुद्धा करता येते. कणांमधील पाण्याचे पातळ पापुद्रे पृष्ठताणामुळे त्यांना एकमेकांकडे ओढून धरतात. पण त्याच भिंतीवर तांब्याभर पाणी ओता. भिंत क्षणात बसते. पोकळ्या पाण्याने पुरत्या भरल्या की पापुद्रे नाहीसे होतात, पृष्ठताणाची ओढ संपते आणि पोकळ्यांतील पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून उचलू लागतो. घर्षण हे कण एकमेकांवर किती जोराने टेकले आहेत यावर अवलंबून असते, म्हणून तेही घटते.

हिशेब केल्यास असे दिसते, की उतारातून उताराच्याच दिशेने पाणी झिरपत असेल, तर वाळूसारखी माती कोरडेपणी ज्या चढाला उभी राहते त्याच्या सुमारे निम्म्या चढालाच ती टिकते. म्हणून कोरड्या हवेत वर्षानुवर्षे उभा राहिलेला उतार सलग चार दिवसांच्या पावसात घसरू शकतो. माती तीच, बांध तोच, केवळ पाणी कोठे आहे एवढा फरक पडतो. काल पडला नाही म्हणून आज पडणार नाही, असे अनुमान मातीच्या बाबतीत काढता येत नाही.

माथ्यावरून जाणारे पाणी

आतून किंवा खालून जाणे ही पाण्याची वाट झाली. तिसरी वाट माथ्यावरून. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून थोडे पाणी सांडले तरी ते सहसा टिकते. मातीचा बांध टिकत नाही. बारा मीटर खाली घसरणाऱ्या पाण्याचा वेग, घर्षण सोडून दिले तर, सेकंदाला पंधरा मीटरच्या घरात जातो. आणि वाहते पाणी किती वजनाचा कण हलवू शकते, ते वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला तर चौसष्ट पट वजनाचा दगड हलतो! पायथ्याची माती प्रथम जाते, मग तो कापा मागे सरकत माथ्यापर्यंत येतो.

याचे सर्वांत भयंकर उदाहरणही करमणुकीच्या तळ्याचेच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातले साउथ फोर्क हे मातीचे धरण सरकारने कालव्यासाठी बांधले होते. पुढे ते श्रीमंत सभासदांच्या एका मासेमारी व शिकार मंडळाकडे आले. तळाशी पाणी सोडण्याचे नळ पूर्वीच काढून टाकलेले होते, ते पुन्हा बसवले नाहीत. माथ्यावरून बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली घेऊन रुंद केला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि बांध गेला. खालच्या अंगाला असलेल्या जॉन्सटाउन शहरात २,२०९ माणसे मेली. यातला प्रत्येक बदल लहान आणि सोयीचा होता, पण प्रत्येकाने पाण्याची एकेक सुरक्षित वाट बंद केली.

केली बार्न्स धरणाचे काय झाले?

टोकोआच्या दुर्घटनेनंतर तज्ज्ञांचे एक मंडळ तपासाला बसले. बांधाचे आराखडे उपलब्ध नव्हते आणि बांधाचा मोठा भाग तर वाहूनच गेला होता. कोणतेही एकच कारण सांगता येत नाही, अनेक कारणे एकत्र आली, असे मंडळाने म्हटले. त्यांच्या मते अधिक संभवनीय क्रम असा: खालच्या बाजूचा उभा उतार एका ठिकाणी घसरला आणि या घसरण्याशी बहुधा पायपिंगचा संबंध होता. त्यामुळे माथ्याला एका जागी खिंडार पडले. खिंडारातून वाहणाऱ्या पाण्याने माती झपाट्याने कापली, उरलेला भराव चिंब झाला आणि सगळा बांध कोसळला.

आपण वर पाहिलेले तीनही मार्ग येथे एकामागून एक आले आहेत, हे तुमच्या ध्यानात आले असेल. आतली वाट, मग चिंब उतार, मग वरून वाहणारे पाणी.

बांध फुटण्याच्या वेळी तळ्यात सुमारे ७ लाख ८० हजार घनमीटर पाणी होते. फुटल्यावर पाण्याचा सर्वाधिक प्रवाह सेकंदाला सुमारे ६८० घनमीटर असावा, असा अंदाज करण्यात आला. या वेगाने तळे रिकामे व्हायला वीस मिनिटेही लागत नाहीत. आता ५७ मीटरांच्या कड्यावरून पडताना या प्रवाहाची शक्ती काढू:

६८०,००० किलोग्रॅम × ९.८ × ५७ = सुमारे ३८ कोटी वॅट.

म्हणजे ३ लाख ८० हजार किलोवॅट. एका मोठ्या विद्युतकेंद्राएवढी ही शक्ती. सगळ्या पाण्याची स्थितिज ऊर्जा मोजली तर ती सुमारे १ लाख २० हजार युनिट विजेएवढी भरते. हे पाणी नळातून सावकाश उतरले असते तर दिवे लागले असते. तेच काही मिनिटांत उतरले. ऊर्जा तीच, पण ती किती वेळात मोकळी होते यावर सर्व काही ठरते.

म्हणून धरण लहान की मोठे, हा प्रश्न पुरेसा नाही. धरणाच्या खाली कोण राहते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. अमेरिकेत धरणांच्या तपासणीचा कायदा १९७२ सालीच झाला होता, पण त्यासाठी पैसे दिले गेले नव्हते. टोकोआनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी, ज्यांच्या खाली वस्ती आहे अशा धरणांची तपासणी करण्याचा आदेश दिला. पुढील चार वर्षांत सुमारे ९,००० धरणे पाहण्यात आली आणि त्यांतील जवळजवळ एक-तृतीयांश असुरक्षित ठरली.

चांगला बांध पाण्याला वाट दाखवतो

पाण्याला अडवायचे असेल तर त्याला योग्य वाट द्यावी लागते. ऐकायला विचित्र वाटले तरी मातीच्या धरणाचे शास्त्र ते हेच.

चांगल्या बांधाच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो. आपल्याकडे तो काळ्या मातीचा करतात. तो पाझर कमी करतो. दोन्ही बाजूंना मुरमाचे जड आवरण असते, ते आधार देते. गाभ्याखाली जमिनीत खडकापर्यंत चर खणून तोही चिकणमातीने भरतात, म्हणजे खालून जाणारी वाट लांबते. तरीही जे पाणी येते त्याच्यासाठी गाभ्याच्या खालच्या अंगाला वाळूचा थर घालतात. ही चहाच्या गाळणीसारखी गाळणी होय. तिची छिद्रे एवढी बारीक हवीत की मातीचे कण अडावेत आणि एवढी मोठी हवीत की पाणी तुंबू नये. असे कण कसे निवडावे याचे नियम मृदायांत्रिकीचे जनक कार्ल तेर्झागी यांनी घालून दिले. गाळणीतले पाणी पायथ्याच्या दगडी भागातून चरात येते आणि तेथे ते रोज मोजता येते.

तळ्याच्या बाजूला लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगड बसवतात. खालच्या उतारावर गवत राखतात, पण झाडे वाढू देत नाहीत. आणि कडेला, शक्यतो कठीण जमिनीत, सांडवा असतो. पुराचे पाणी माथ्यावरून न जाता सांडव्यावरून जावे म्हणून माथा सांडव्यापेक्षा बराच उंच ठेवतात. सांडवा वर्षातून एखादाच दिवस कामाला येतो, पण त्या एका दिवसासाठी तो वर्षभर मोकळा ठेवावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रातही बहुसंख्य धरणे आणि पाझर तलाव मातीचेच आहेत. १२ जुलै १९६१ रोजी फुटून पुण्यात पूर आणणारे, पुरते बांधून होण्याआधीच भरलेले पानशेत धरणही मातीचे होते. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे लहान धरण मुसळधार पावसात फुटले आणि पायथ्याच्या वस्तीतील अनेकांचे प्राण गेले. भारतात २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. त्यात १५ मीटरपेक्षा उंच सर्व धरणे येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणे मात्र, माथ्याची लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, अशा ठरावीक अटींपैकी एखादी पुरी केली तरच येतात. केली बार्न्स धरण लांबी व साठा या दोन्ही मापांत कमीच भरले असते! तेव्हा अशा लहान बांधांवर खालच्या गावाची नजर असणे किती आवश्यक आहे, ते वेगळे सांगायला नको.

करून पाहा

१. एक खोल परात घ्या. तिच्या मधोमध वाळू आणि माती समप्रमाणात मिसळून आठ-दहा सेंटीमीटर उंचीचा बांध घाला. एकदा उतार सपाट ठेवा, एकदा उभे ठेवा. एका बाजूला हळूहळू पाणी भरा आणि माथ्याच्या दोन बोटे खाली थांबा. पलीकडचा उतार कोठून ओला होऊ लागतो आणि कोणता बांध आधी घसरतो, ते घड्याळ लावून टिपून ठेवा.

२. असाच बांध पुन्हा घाला, पण बांधताना आत आडवी पेन्सिल ठेवा आणि नंतर ती ओढून काढा. पाणी भरल्यावर छिद्राचे तोंड दर अर्ध्या मिनिटाला मोजा. ते सारख्या गतीने वाढते की वाढता वाढता अधिक वेगाने वाढते?

३. प्लॅस्टिकच्या बाटलीचा बूड कापा आणि ती उलटी धरून तोंडाशी फडके बांधा. तोंडाला रबरी नळी जोडा. बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू भरून वर एक दगड ठेवा. नळीचे दुसरे टोक पाण्याच्या भांड्याला जोडून भांडे हळूहळू वर उचला. वाळूवरच्या पाण्यापेक्षा भांड्यातील पाणी साधारण वाळूच्या थराच्या जाडीइतके उंच आले की दगडाकडे पाहा. नळीत व फडक्यातही पाण्याचा थोडा जोर खर्च होतो, म्हणून भांडे कदाचित आणखी थोडे उचलावे लागेल.

विचार करा

१. दोन तळ्यांची बांधाजवळची खोली सारखी आहे, पण एक दुसऱ्याच्या दहापट लांब आहे. दोन्ही बांधांवरील जोरात किती फरक पडेल? बांध फुटल्यास खालच्या गावाला कोणता फरक जाणवेल?

२. पाण्याची खोली ८ मीटरवरून १२ मीटर झाली, तर बांधाच्या एक मीटर लांबीवरील जोर किती पट होईल?

३. तुमच्या गावाजवळ पाझर तलाव किंवा गावतळे असेल तर वडीलधाऱ्यांबरोबर जाऊन पाहा. सांडवा मोकळा आहे का? माथा कोठे खचला आहे का? उतारावर झाडे किंवा बिळे आहेत का? पायथ्याशी येणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ? पाणी कोरडे पात्र घेऊन काचेच्या पेल्यात भरा आणि तासाभराने तळाशी काय साचले ते पाहा. गाळ दिसला तर घरी थांबू नका. ग्रामपंचायतीला आणि पाटबंधारे खात्याच्या जवळच्या कार्यालयाला त्याच दिवशी कळवा.